टांगत्या खुर्चीसाठी स्वतंत्र स्टँड: ठाण्यातील एका खरेदीचे परीक्षण

घोडबंदर रस्त्यालगतच्या नव्या इमारतींत राहणाऱ्याने टांगती खुर्ची घ्यायचे ठरवले, की ती टांगायची कशाला हा प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो. कोकणातल्या घरांत ओटीवरचा झोपाळा जाड तुळईला चार कड्यांनी अडकवलेला असे आणि त्याचा भार चार ठिकाणी विभागला जाई. आपल्या सदनिकांत तशी तुळई नसते. दिवाणखान्यात पीओपीचे छत असते, जे जेमतेम स्वतःचे वजन पेलते, आणि गॅलरीच्या डोक्यावर असतो तो वरच्या बिऱ्हाडाच्या गॅलरीचा स्लॅब. त्यात अँकर फास्टनर, म्हणजे काँक्रीटमध्ये छिद्र पाडून घट्ट बसवायचा बोल्ट, ठोकायचा तर सळ्यांवरचे काँक्रीटचे आवरण साधारण २० मिमी एवढेच असते. सळई उघडी पडली आणि वरून पाणी झिरपू लागले, तर घोडबंदरच्या पावसात ती गंजायला वेळ लागत नाही. शिवाय टांगत्या खुर्चीचा सगळा हलता भार एकाच कडीवर येतो. आमच्या सोसायटीची कार्यकारिणी अशा छिद्रांना परवानगी देत नाही आणि मला तिचा निर्णय पूर्णपणे योग्य वाटतो.

त्यामुळे स्वतःच्या पायावर उभा राहणारा लोखंडी स्टँड हाच मार्ग उरला. सुती दोरांची, वर आडवी लाकडी दांडी असलेली खुर्ची घरात आधीच होती. शोध केवळ स्टँडचा होता. वागळे इस्टेटमधील एका फॅब्रिकेटरच्या दुकानातून तो घेतला, घरी जोडला आणि आता आई रोज सकाळी चहा घेऊन त्यावर बसते. हे परीक्षण मुख्यतः त्या स्टँडचे आहे; पण तो निवडताना जे पाहावे लागले ते सांगितल्याशिवाय त्याच्या गुणदोषांना अर्थ येणार नाही.

दुकानांत प्रत्येक स्टँडवर ‘१२० किलो’ किंवा ‘१५० किलो’ अशी चिठ्ठी लावलेली असते आणि बहुतेक ग्राहक तेवढ्यावर निर्णय घेतात. या आकड्यावर मी अजिबात विसंबणार नाही, कारण तो स्थिर भाराचा आहे की हलत्या, हे त्यावर लिहिलेले नसते. माणूस खुर्चीत सावकाश बसला तर दोरावर त्याच्या वजनाएवढाच ताण येतो. मात्र दोर ताठ असताना त्याने एकदम अंग टाकले तर क्षणभर तो ताण वजनाच्या दुप्पट होतो, आणि थोड्या उंचीवरून अंग टाकले तर त्याहूनही जास्त. दोर तीस अंशांपर्यंत जाईल असा झोका घेतला, तर सर्वांत खालच्या बिंदूपाशी ताण सुमारे सव्वापट होतो. म्हणून घरातल्या सर्वांत वजनदार माणसाच्या दुपटीचा हिशेब धरूनच स्टँड पाहावा.

दुसरी गोष्ट नळीची. कमानीसारखा वळलेला एकच खांब असलेल्या स्टँडमध्ये खुर्ची खांबापासून साधारण अर्धा मीटर पुढे लोंबते, आणि तेवढ्या अंतरामुळे खांबाच्या बुडाशी वाकवणारा जोर तयार होतो. ऐंशी किलोचा माणूस बसला, की नळी त्या जागी सर्वाधिक ताणली जाते. घोडबंदर रस्त्यावरच्या एका दुकानात जो देखणा, सोनेरी रंगाचा स्टँड आधी पाहिला, त्याची नळी ३८ मिमी व्यासाची आणि १८ गेजची, म्हणजे सुमारे १.२ मिमी जाडीची होती. वागळे इस्टेटमधील स्टँडची नळी ५० मिमी व्यासाची आणि १४ गेजची, म्हणजे सुमारे २ मिमी जाडीची आहे. मीटरमागे पहिलीचे वजन सुमारे १.१ किलो आणि दुसरीचे सुमारे २.४ किलो भरते. लोखंड दुपटीहून थोडे अधिक लागते. वाकण्याला होणारा विरोध मात्र जवळजवळ पावणेतीन पट वाढतो, कारण त्यात व्यासाचा वाटा फार मोठा असतो. गणित करून पाहिले तर ऐंशी किलोच्या स्थिर भारानेच पहिल्या नळीवरचा ताण साध्या पोलादाच्या सहनशक्तीपलीकडे जातो, तर दुसरीवर तो सुमारे निम्म्यावर राहतो. त्या पहिल्या स्टँडवरही ‘१२० किलो’च लिहिले होते.

नळीची जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन दुकानात जाणे प्रत्येकाला जमणार नाही, हे मला मान्य आहे. अशा वेळी स्टँडचे एकूण वजन विचारावे आणि शक्य असल्यास एक तुकडा हातात घेऊन पाहावा. आम्ही घेतलेला स्टँड खुर्चीशिवाय सुमारे अठरा किलोचा आहे. तो सोनेरी स्टँड उचलताना एका हाताने सहज उचलला गेला होता.

तिसरी गोष्ट पायाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे, कारण खांब वाकताना आधी दिसतो, करकरतो. स्टँड उलटताना मात्र सावरायला वेळ मिळत नाही. वरच्या कडीतून ओळंबा सोडला तर तो पायाच्या मध्यावर पडला पाहिजे. दुकानात दोरीला किल्ल्यांचा जुडगा बांधून हे सहज तपासता येते. दुकानदार थोडा चमकेल, पण तपासू देईल. आता समजा, पाया एक मीटर व्यासाचा गोल आहे आणि कडी १९० सेंमी उंचीवर आहे. खुर्ची कलली, की दोराच्या दिशेने ओढ लागते, आणि ती रेषा जमिनीला पायाच्या बाहेर मिळाली, की स्टँड उलटू पाहतो. स्टँडचे स्वतःचे वजन धरूनही ही वेळ पंधरा ते वीस अंशांच्या दरम्यान येते. म्हणजेच असा स्टँड संथ डुलण्यासाठी आहे, झोका घेण्यासाठी नाही. ही गोष्ट दुकानात कोणी आपणहून सांगत नाही आणि ती सांगायलाच हवी, विशेषतः ज्या घरांत लहान मुले आहेत तिथे.

दोन्ही बाजूंना तिरपे पाय आणि वर आडवी नळी असा जो प्रकार बागांमध्ये दिसतो, तो या दृष्टीने कितीतरी निर्धास्त आहे. त्याचे पाय दूरवर फाकलेले असतात आणि भार दोन्हीकडे वाटला जातो. मात्र त्याला सुमारे दोन मीटर रुंद आणि तितकीच खोल मोकळी जागा लागते. चार फूट रुंदीच्या गॅलरीत तो मावत नाही, त्यामुळे आमच्यासाठी तो विचार तिथेच संपला.

गोल पायाचा स्टँड आम्ही का नाकारला, याला गॅलरीची फरशी कारणीभूत आहे. पाणी वाहून जावे म्हणून गॅलरीच्या लाद्यांना जाळीच्या दिशेने ढाळ दिलेला असतो. मीटरमागे एक सेंटिमीटर ढाळ धरला तरी १९० सेंमी उंचीवरची कडी जवळजवळ दोन सेंमी सरकते. ते चालून जाईल, पण लाद्या सर्वत्र सारख्या उतरत नसल्याने सपाट कडे दोन-तीन ठिकाणीच टेकते आणि बसता-उठताना खडखडते. वागळे इस्टेटच्या दुकानातल्या स्टँडचा पाया घोड्याच्या नालेच्या आकाराचा आहे, १०५ सेंमी रुंद आणि १२० सेंमी लांब, आणि त्याच्या चारही टोकांना फिरवून उंची कमी-जास्त करता येणारे पाय आहेत. दुकानाचे मालक म्हणाले, ‘‘ताई, गॅलरीसाठी नेताय ना? मग हे स्क्रूचे पाय नसलेला नेऊच नका, नाहीतर पुढच्या महिन्यात पुठ्ठ्याच्या घड्या घालत बसाल.’’ विक्रीसाठी बोललेले वाक्य असले तरी ते खरे आहे.

गॅलरीच्या स्लॅबला हा भार झेपेल का, असा प्रश्न आईने विचारला आणि तो रास्त होता. भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात निवासी गॅलरीसाठी किमान ३ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरमागे सुमारे ३०० किलो, इतका वापराचा भार धरण्यास सांगितले आहे. स्टँड, खुर्ची आणि माणूस मिळून शंभर किलोच्या आसपास होतात आणि पाया सव्वा चौरस मीटरवर पसरतो. म्हणून चिंतेचे कारण नाही. ओल्या मातीने भरलेल्या मोठ्या कुंड्या मात्र त्याच कोपऱ्यात रचू नयेत.

जोडणीचा भाग सांगताना दुकानाबद्दल नाराजी नोंदवणे भाग आहे. सोबत दिलेला सूचनापत्राचा कागद अपुरा आहे. त्यातील आकृतीत पायाची डावी आणि उजवी बाजू उलट दाखवली आहे आणि खांबाचे तीन तुकडे कोणत्या क्रमाने बसवायचे हे लिहिलेलेच नाही. एम ८ बोल्ट दिले होते. नट सैल होऊ नये म्हणून त्याखाली घालायच्या चकत्या, म्हणजे स्प्रिंग वॉशर, नव्हते. सतत हलणाऱ्या वस्तूच्या बोल्टला साधा नट देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते, कारण हलण्यानेच तो सैल होत जातो. आम्ही स्टेशन रस्त्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून आतून नायलॉनचे कडे असलेले नायलॉक नट आणून सगळे बदलले. खर्च किरकोळ आला. वर लटकवण्यासाठी दिलेला एस आकाराचा आकडाही बाजूला ठेवला, कारण त्याचे तोंड उघडे असते आणि खुर्ची रिकामी असताना वाऱ्याने उसळली तर दोर त्यातून निसटू शकतो. त्याच्या जागी भारक्षमता कोरलेली, पिनने बंद होणारी डी-शॅकल लावली आणि तिच्याखाली फिरकी, म्हणजे खुर्ची गोल फिरली तरी दोराला पीळ पडत नाही.

जोडताना एकच नियम कसोशीने पाळावा: सर्व बोल्ट आधी हाताने अर्धवट बसवावेत, स्टँड उभा करून चारही पाय जमिनीला टेकवावेत, आणि मगच १३ नंबरच्या पान्याने एकेक बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळावा. पहिला बोल्ट पूर्ण आवळून पुढे गेले, तर शेवटची भोके जुळत नाहीत आणि मग हातोडीने ठोकून पावडर कोटिंग, म्हणजे नळीवरचा भाजून पक्का केलेला रंगाचा थर, उडते. खांबाचे तुकडे एकमेकांत सरकवून बसतात. त्या सांध्यात जो थोडा खेळ राहतो, त्यातूनच पुढे करकर येते. हा स्टँड त्या बाबतीत चांगला आहे. सांध्याची आतली नळी एक वीत आत जाते आणि आरपार दोन बोल्ट आहेत. दोन माणसे लागतात. एकट्याने खांब उभा धरून बोल्ट लावण्याचा प्रयत्न करू नये.

माणूस बसवण्यापूर्वी भार देऊन पाहणे मला अत्यावश्यक वाटते. पाण्याचे २० लिटरचे तीन भरलेले जार खुर्चीत ठेवले, म्हणजे साठ किलो झाले, आणि त्याआधी व नंतर कडीची जमिनीपासूनची उंची टेपने मोजली. कडी सुमारे दोन सेंमी खाली आली आणि जार काढताच पूर्वीच्या जागी परतली. लवचीक पोलादाने हेच करायला हवे. ती परतली नसती तर नळी कायमची वाकली असे समजून स्टँड त्याच दिवशी दुकानात परत पाठवावा लागला असता.

बसल्यावर आसन जमिनीपासून ४५ सेंमीवर यावे अशा बेताने साखळीच्या कड्या ठेवल्या आहेत. सुती दोर सुरुवातीला ताणला जातो, म्हणून काही दिवसांनी एक कडी वर घ्यावी लागते. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिच्यासाठी ही उंची नेमकी असणे फार गरजेचे होते. आसन खोल गेले तर वृद्ध माणसाला त्यातून उठता येत नाही आणि तो पुढे झुकून सगळा भार एका बाजूला टाकतो.

स्टँड कठड्यापासून दूर, भिंतीकडे पाठ करून ठेवावा. खुर्चीवर चढलेले मूल अर्धा मीटर उंच होते आणि तेवढ्याने कठड्याची उंची निरुपयोगी ठरते. याबाबतीत मी कोणतीही सवलत घेणार नाही.

पावसाळ्यात खुर्ची उतरवून आत ठेवतो, कारण ओला सुती दोर कुजतो आणि वरच्या मजल्यांवरचा वारा रिकाम्या खुर्चीला शिडासारखा ओढतो. स्टँड गॅलरीतच राहतो. पहिल्या पावसानंतर सांध्याच्या कडांवर, जिथे नळी नळीवर घासते, तिथे कोटिंगला बारीक टवके गेलेले दिसले. तिथे झिंकयुक्त प्रायमर लावून वरून रंग दिला. नवी मुंबईतल्या नेरूळ, सीवूड्स किंवा पाम बीच रस्त्याकडच्या खाडीलगतच्या घरांसाठी मी नुसत्या पावडर कोटिंगवर भरवसा ठेवणार नाही. तिथल्या खाऱ्या दमट हवेत गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेली, नळीच मागावी, दर वाढला तरी.

किंमत ९,८०० रुपये पडली, घरपोच पोहोचवण्यासह. दुकानदार प्रत्येक तुकडा सुटा विकतात आणि मागणीनुसार खांबाची उंची बदलूनही देतात, ही त्यांची मोठी जमेची बाजू आहे. ते स्प्रिंग वॉशर, बंद तोंडाची कडी आणि नीट छापलेला सूचनाकागद देऊ लागले, तर मी या स्टँडची शिफारस कोणत्याही अटीविना करेन. तोपर्यंत हार्डवेअरच्या दुकानातली ती छोटी खरेदी धरूनच घ्यावी.