2.7 च्या नादात 33,500 गेले

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे हसायचं ते एकदाच हसून घ्या. 40,700 रुपये. त्यातले 33,500 स्टिअरिंग फास्ट करून देतो म्हणणाऱ्या माणसाच्या घशात आणि उरलेले त्याने करून ठेवलेलं निस्तरण्यात. एवढं घालून माझ्या मारुती झेनचं स्टिअरिंग पूर्वीपेक्षा एका दातानेही फास्ट झालेलं नाही.

गाडी 1999 ची, पॉवर स्टिअरिंग नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी मातीतल्या ऑटोक्रॉसला, म्हणजे मैदानावर आखलेल्या वळणांच्या शर्यतीला नेतो. बक्षीस वगैरे कधी मिळालं नाही, हौस म्हणून जातो. ज्यांनी जुनी, बिनपॉवरची गाडी ट्रॅकवरच्या प्लास्टिकच्या शंकूंमधून काढली आहे त्यांना माहीत आहे की तीव्र वळणावर हातांची फुगडी होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत (लॉक टू लॉक) माझं स्टिअरिंग 3.6 फेरे फिरायचं, मी टेप लावून मोजलं होतं. मग डोक्यात किडा शिरला: क्विक रॅक, म्हणजे कमी फेऱ्यांत तेवढंच चाक वळवणारा रॅक.

रॅक म्हणजे पुढची चाकं वळवणारा दातेरी दांडा, पिनियन म्हणजे स्टिअरिंगबरोबर फिरून त्याला सरकवणारं छोटं दातेरी चाक. दोघांचं गणित सोपं आहे आणि ते मला येतं, हे मुद्दाम सांगतो. पिनियनचा एक फेरा झाला की रॅक किती मिलिमीटर सरकतो, त्यावर सगळं आहे. जास्त सरकला की स्टिअरिंग फास्ट, कमी सरकला की निवांत. डिप्लोमा मेकॅनिकल आहे माझा. तरीही गेलो, आणि गेलो तेही याच गणितात. गाड्यावाल्या मित्रांच्या ओळखीतून नंबर मिळाला होता. मी निरोप टाकला, तो अजून फोनमध्ये आहे आणि रोज दात दाखवतो: "लॉक टू लॉक 2.7 पाहिजे. होईल का?"

हा आकडा मी त्याला दिला. त्याने मागितला नव्हता.

पाच मिनिटांत उत्तर आलं. "होईल दादा. 6 दातांच्या पिनियनच्या जागी 8 दातांचं टाकतो, रॅक त्याला मॅच करून." मी लगेच हिशोब केला, 3.6 गुणिले 6 भागिले 8, बरोबर 2.7. नुसतं "करून देतो, बघा तर खरं" म्हणाला असता तर मी सावध झालो असतो. दातांचा हिशोब सांगणाऱ्या माणसावर कोण संशय घेणार?

भाव ठरला 38,500. जुना रॅक त्याला दिला तर 5,000 कमी. 15,000 आगाऊ, फोनवरून. 18,500 काम झाल्यावर, रोख, कारण "जीएसटीचं कशाला मध्ये घालता दादा, तुमचेच वाचतात." वाचले! बिल नाही, पावती नाही, आहे ती फक्त त्याच्या खात्यावर गेलेल्या 15,000 ची नोंद. आणि जुना पार्ट कुणालाही देऊ नका. 5,000 च्या मोहाने मी तुलना करायचं एकमेव साधन त्याच्या हवाली केलं.

आता तो क्षण. रात्री झोप येत नाही तेव्हा मी त्याच्याच वर्कशॉपमध्ये उभा असतो.

रॅक बेंचवर, व्हाइसमध्ये धरलेला. काळा रंग ताजा, नखाला लागेल इतका. दोन्ही टोकांवर रबरी आवरणं (बूट) चढवून क्लिपा आवळलेल्या, पिनियनच्या झाकणावर लाल लाखेचा ठिपका. "सील तोडलं तर वॉरंटी गेली, दादा." पिनियनच्या शाफ्टला त्याने पांढरी टेप लावली, एका टोकाला नेलं आणि मला फेरे मोजायला सांगितले. एक, दोन, आणि वर पाऊण फेऱ्याला जरा कमी. 2.7! मी अक्षरशः टाळी दिली त्याला.

त्याच भिंतीवर, माझ्या डाव्या खांद्याजवळ, खिळ्याला एक फुटी स्टीलची पट्टी लटकत होती. हात लांब केला असता तर मिळाली असती. टायरॉड (रॅकच्या टोकापासून चाकाकडे जाणारा दांडा) किती बाहेर येतो आणि किती आत जातो, एवढंच लावून बघायचं होतं. वीस सेकंदांचं काम. जिथे दात दाखवायचे तिथे लाख, जिथे रॅक दाखवायचा तिथे रबर, मोजायला दिले ते फक्त फेरे. आणि मी डिप्लोमावाला फेरे मोजून खूश.

काम झाल्यावर जवळच अलाइनमेंट करून घेतलं, 600 रुपये. तिथल्या पोराला तो म्हणाला, "थोडं टो आउट ठेव रे, साहेब रेसवाले आहेत." तेव्हा मला ते कौतुक वाटलं. पुढची चाकं किंचित बाहेर उघडी ठेवली की गाडी वळणात शिरताना पहिल्या झटक्याला तल्लख वाटते, रॅक कुठलाही असो. म्हणजे 2.7 मोजून मन आधीच तयार झालं होतं आणि टो आउटने हातांनाही पटवलं. (आतल्या कडेने टायर खाल्ले ते वेगळंच. त्याचा हिशोब वरच्या आकड्यात धरलेला नाही, धरवत नाही.) गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन मी हाताचा व्हिडिओ काढला, "भारी! एकच नंबर!" असं बोललो आणि त्याला पाठवला. या व्हिडिओकडे नंतर येतो.

घरी आल्यावर सोसायटीत गाडी लावायला बायकोने चावी घेतली. ती म्हणाली, "अरे, काहीच जड नाही झालं की. तू तर म्हणालास दंड दुखतील." मी तिला काय सांगितलं असेल? नवीन बेअरिंग आहेत, खास ग्रीस आहे. ही त्याचीच वाक्यं, मी पाठ केल्यासारखी म्हटली.

जो कुणी असं काम करून घेणार असेल त्याने एवढं तरी लक्षात ठेवावं. बिनपॉवरच्या गाडीत रॅक खरोखर 3.6 वरून 2.7 वर आला, तर तेच चाक वळवायला तिसऱ्या हिश्शाने जास्त जोर लागतो. तरफेचा नियम आहे, बेअरिंगने घर्षण कमी होईल पण तरफ बदलत नाही. स्टिअरिंग हलकं राहिलं म्हणजे स्टिअरिंग तेच राहिलं. बायकोला गाडीतलं काही कळत नाही असं मी चारचौघांत म्हणत आलो आहे. आता घरात हा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठतो.

दुसरी खूण यू-टर्नची. घराजवळच्या दुभाजकाला वळसा घालताना माझी गाडी वर्षानुवर्षं एका दमात वळायची, आता एकदा मागे घ्यावी लागे. मी रस्त्याला दोष दिला, पार्क केलेल्या टेम्पोला दोष दिला. सहा आठवडे.

मग पूर्ण लॉकला "कट्" असा आवाज यायला लागला. नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बूटची क्लिप सोडली, आत बोट घातलं आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत, फक्त "या इकडे" म्हणाले. रॅकच्या दोन्ही टोकांना टायरॉडच्या आत एकेक कॉलर. पाइपचा तुकडा, करवतीने चिरलेला, वर होज क्लिप आवळून बसवलेला. एकीची क्लिप सैल होऊन कॉलर तिरकी झाली होती, आवाज तिचाच.

कॉलरची जाडी प्रत्येकी साडेसतरा मिलिमीटर. कॉलर घालून रॅकची पूर्ण चाल 105 मिलिमीटर, फेरे 2.7. कॉलर काढल्यावर चाल 140, फेरे 3.6. आता भागाकार करा. 105 भागिले 2.7 म्हणजे 38.9. 140 भागिले 3.6 म्हणजे 38.9. एका फेऱ्याला तेवढीच सरक. त्याने स्टिअरिंग फास्ट केलं नव्हतं, दोन्ही टोकांनी कापलं होतं. चाक कमी वळतं म्हणून फेरे कमी. आणि मी टाळी द्यावी असा 2.7. लाख खरवडून झाकण उघडलं तर पिनियनला दात सहाच. आणि काळ्या रंगाखाली गंजाचे खड्डे; रॅक सरळ कबाडातला. माझा धड रॅक आता कुणाच्या गाडीत कॉलर घालून बसला असेल कोण जाणे.

अशा कॉलर हा मुळात काही गुन्हा नाही. रुंद टायर घातल्यावर ते आत घासू नयेत म्हणून लोक चाल मुद्दाम कमी करतात. आणि त्याने बचाव नेमका हाच केला. "दादा, ते सेफ्टीसाठी असतं. आणि तुम्ही 2.7 मागितलं, 2.7 दिलं. मोजून दिलं. टाळी दिलीत की तुम्ही." दातांचं विचारलं तर फोन कट. त्यानंतर निरोपाला निळ्या खुणाही नाहीत.

म्हणून सांगतो, फेरे मोजू नका. पुढची चाकं उचला, स्टँड लावा, नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. स्टिअरिंग मध्यावरून एक पूर्ण फेरा फिरवा आणि टायरॉड आडवा किती सरकला ते पट्टीने मोजा. आधी मोजा, नंतर मोजा. तो मिलिमीटरचा आकडा वाढला नाही तर पैसे देऊ नका, मग समोरचा कितीही दात सांगो.

पोलिसांकडे गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी भेटले. संवाद जसाच्या तसा देतो.

"वस्तू मिळाली का?"
"मिळाली."
"बसवली का?"
"बसवली."
"गाडी वळते का?"
"वळते, पण..."
"मग?"

मी कागदावर 105 आणि 140 लिहून दाखवले. त्यांनी कागद उलटा करून बघितला, मागे काही आहे का म्हणून. मग म्हणाले, हा दिवाणी मामला. मी म्हटलं, खोटं सांगून पैसे काढले, जुनं चारसोबीस म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318. त्यावर साहेबांनी शांतपणे विचारलं, "आरसी आणलीय? कंपनीने दिलेलं बदलायला परवानगी घेतली होती?" मोटार वाहन कायद्याचं कलम 52, आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेलं 182अ: विनापरवाना बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. हे कलम त्यांना तोंडपाठ होतं. माझंच बखोट धरायला कायदा आला तेव्हा मात्र चटकन आला! आणि बदल तर झालाच नव्हता, हीच तर माझी तक्रार होती. हे वाक्य बोलताना माझं मलाच हसू आलं. त्यांना नाही आलं.

शेवटी, काम दुसऱ्या जिल्ह्यात झालं, तिकडे जा. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, हे मला नंतर वाचून कळलं. तेव्हा मी सुट्टी टाकून तिकडे गेलो. तिथे विचारलं, "पैसे कुठून पाठवले? घरून? मग तुमच्याकडेच होतं ते." दोन ठाणी, तीन सुट्ट्या, हातात काय तर अर्जाच्या झेरॉक्सवर एक आवक शिक्का. तोही शाई संपलेला, तारीख वाचता येत नाही. अर्जाची पोच घेतल्याशिवाय हलू नका, आणि तारीख उमटली का ते तिथेच बघा.

ग्राहक मदतीच्या क्रमांकावर तक्रार केली. बावीस दिवसांनी संदेश आला: समोरच्या पक्षाकडून प्रतिसाद नाही, सबब तक्रार निकाली. म्हणजे चोराने दार उघडलं नाही म्हणून चोरी मिटली. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता अजून आहे. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. पण चौकशीला गेलो तर पहिला प्रश्न "बिल?" आणि दुसरा "तज्ज्ञाचा अहवाल?" मिस्त्रींना लिहून देता का विचारलं. ते म्हणाले, "कॉलर देतो, सही नको." त्यांचंही खरं आहे.

उरलेला हिशोब: रॅक उतरवून खोलायची मजुरी 1,800, भंगार बाजारातून शोधलेला धड रॅक 4,200, पुन्हा अलाइनमेंट 600. स्टिअरिंग आता 3.6 फेरे फिरतं. गाडी दुभाजकाला एका दमात वळते.

कॉलर माझ्या टेबलावर आहेत, कागदांवर वजन म्हणून. 33,500 भागिले दोन, एकेक 16,750 रुपयांची. आणि परवा एका ओळखीच्या मुलाने मला एक व्हिडिओ पाठवला, "काका, हा माणूस क्विक रॅक करून देतो म्हणे, टाकू का?" स्टिअरिंगवर दोन हात, डाव्या मनगटावर माझं घड्याळ, आणि मागून आवाज येतो, "भारी! एकच नंबर!"