गळीत हंगामात उभी गाडी आणि बॅटरी चार्जर : पाच महिन्यांचा अनुभव

माझी नोकरी शिरोळ तालुक्यातल्या साखर कारखान्यात. नोव्हेंबरात गव्हाणीत मोळी पडली की मार्चपर्यंत मुक्काम तिथल्याच क्वार्टरमध्ये. गाडी कोल्हापूरजवळ कळंब्याला घरच्या शेडमध्ये उभी, घरी आई-आबा दोघंच.

गेल्या वर्षी जानेवारीत रात्री दोनला आईला दम लागला. आबांनी चावी फिरवली, तर नुसती टकटक. शेजारच्या काकांनी त्यांच्या गाडीतून सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, नेलं म्हणून निभावलं. मला हे सकाळी फोनवर कळलं, आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

आबा दर रविवारी दहा मिनिटं गाडी सुरू ठेवायचे, तरी बॅटरी उतरली कशी? सुट्टीला आल्यावर निगेटिव्ह वायरीच्या मधे मल्टिमीटर जोडला, गाडी लॉक करून अर्धा तास थांबलो. बंद गाडी २८ मिलीअँपिअर खात होती. सेंट्रल लॉक, घड्याळ, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जागेच असतात. म्हणजे महिन्याला २० एएच (अँपिअर-तास), आणि बॅटरी आहे ३५ एएचची. आयडलिंगला अल्टरनेटर फार करंट देत नाही, त्यात लेड-ॲसिड बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायलाच काही तास लागतात. दहा मिनिटांत काय भरणार? बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. आमची तशीच गेली, दोनच वर्षांत. थंडीला बोल लावण्यात अर्थ नाही. लडाखला उतरलेल्या बॅटरीतलं पाणी गोठतं, आपल्याकडच्या पहाटेच्या गारठ्यात तसं काही होत नाही.

नवी बॅटरी टाकली आणि यंदा हंगामाआधी उद्यमनगरातून ४ अँपिअरचा ऑटोमॅटिक चार्जर आणला. तो १४.४ व्होल्टपर्यंत भरतो, मग १३.६ वर धरून ठेवतो. पाच महिने लावून ठेवला, बॅटरी कधी गरम झाली नाही. जानेवारीत पाणी पाहिलं, दोन सेलमध्ये थोडं डिस्टिल वॉटर घातलं, तेही पूर्ण चार्ज झाल्यावरच.

पण एक खोट आहे, आणि ती मोठी आहे. लाईट जाऊन आली की हा आपोआप सुरू होत नाही, बटण दाबावं लागतं. डिसेंबरात घरी आलो तर कधीपासून बंद पडून होता कोण जाणे, मीटरवर १२.३. तेव्हापासून आबा रोज संध्याकाळी हिरवा दिवा बघून येतात. घ्यायचा असेल तर दुकानातच प्लग काढून परत लावून बघा.

वापरायचा क्रम मी मोठ्या अक्षरात लिहून शेडच्या भिंतीला चिकटवलाय. लावताना आधी लाल चिमटा पॉझिटिव्हला, मग काळा बॅटरीपासून लांब इंजिनच्या उघड्या लोखंडाला, शेवटी प्लग. काढताना आधी प्लग. चार्जिंगला हायड्रोजन सुटतो, ठिणगी बॅटरीजवळ नको. शेडची खिडकीही उघडीच असते.

ज्यांची गाडी खरोखर कुणालाच लागणार नाही, त्यांनी पैसे घालवू नयेत. बॅटरी पूर्ण चार्ज करा, १० नंबरच्या पान्यानं निगेटिव्ह काढून ठेवा, दीड-दोन महिन्यांनी परत चार्ज करा. आमच्या घरी ते चालणार नव्हतं.

मार्चअखेर घरी आलो, चिमटे काढून रात्रभर गाडी तशीच ठेवली. सकाळी १२.६८ व्होल्ट, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. त्याआधी फेब्रुवारीत एकदा पहाटे चारला आईला पुन्हा न्यावं लागलं होतं. आबांनी भिंतीवरचा कागद वाचत चिमटे काढले, पहिल्याच सेल्फ-स्टार्टला गाडी सुरू झाली, आणि ते स्वतःच तिला घेऊन गेले.