एम.एस्सी. नर्सिंग (कम्युनिटी हेल्थ), नाशिक : बाळांसाठी भक्कम, किशोरवयासाठी अपुरं

पाचपैकी साडेतीन तारे. फक्त फील्ड पोस्टिंग (गावोगावचं प्रत्यक्ष काम) आणि प्रबंधाला मार्गदर्शन करणाऱ्या आमच्या गाइड मॅडम एवढ्यावरच लिहायचं असतं तर पाचच्या पाच दिले असते. कॉलेजचं नाव देत नाही. अभ्यासक्रम सगळीकडे तोच, इंडियन नर्सिंग कौन्सिलने आखलेला, आणि परीक्षा म्हसरूळच्या आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. फरक पडतो तो कॉलेज हे सगळं कसं राबवतं त्याने. बालआरोग्यात काम करायची इच्छा असलेल्या मुली ग्रुपवर सारखं विचारतात, ‘ताई, कम्युनिटी घेऊ का पीडियाट्रिक?’ त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

मी आधी नाशिकमध्येच एका खासगी हॉस्पिटलच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होते. कमी वजनाचं बाळ वाढवून, आईला बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची कांगारू पद्धत शिकवून घरी पाठवायचो आणि तेच बाळ पुढे जुलाब नाहीतर न्यूमोनिया घेऊन परत यायचं. मधल्या काळात घरी काय घडतं ते मला बघायचं होतं, म्हणून कम्युनिटी घेतलं. बी.एस्सी.ला 55 टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. अनुभवाची अट नुसती कागदावर पुरी करून येऊ नका. वॉर्डात खरोखर राबलेल्या मुलीला हे शिक्षण दुप्पट कळतं.

पहिल्या वर्षी नर्सिंग एज्युकेशन, ॲडव्हान्स्ड नर्सिंग प्रॅक्टिस, रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स आणि आपल्या विषयाचा पहिला भाग. दुसऱ्या वर्षी मॅनेजमेंट, विषयाचा दुसरा भाग आणि प्रबंध. थिअरी चांगली शिकवली. एज्युकेशनचे तास रटाळ होते, पण ते कुठल्याही कॉलेजात तसेच असतात असं मैत्रिणी सांगतात.

खरी ताकद फील्डमध्ये. त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलच्या बाजूला, पेठकडे, पाड्यांवर आम्हाला आशाताईंसोबत फिरवलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशा 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी जाते. घरी झालं असेल तर त्यात पहिल्या दिवसाची भेट वाढते. ही पद्धत आपल्या गडचिरोलीतून देशभर गेली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले आणि 1999 साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. वर्गात ऐकलं तेव्हा अभिमान वाटला. पाड्यावर आशाताईने बाळाला झोळीत घालून काट्यावर टांगलं, ताप मोजला, श्वास मोजायला मिनिटभर नजर न हलवता छातीकडे बघत बसली, तेव्हा त्यामागची मेहनत कळली. तिथली बोली मला येत नव्हती. आशाताईच आमच्या दुभाषी आणि, खरं सांगायचं तर, आमच्या शिक्षिकाही.

दंडाचा घेर मोजायला आम्ही बी.एस्सी.लाच शिकलो होतो. इथे मॅडमनी तो पुन्हा पहिल्यापासून शिकवला. डावा दंड घ्यायचा, कोपरात हात दुमडून खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये खूण करायची, मग हात सरळ लोंबता सोडून पट्टी गुंडाळायची. मांसात रुतता कामा नये, सैलही नको. 11.5 सेंटीमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषित, 11.5 ते 12.5 मध्यम. पट्टी जरा ओढली की मध्यम कुपोषित मूल तीव्र होतं, जरा सैल पडली की तीव्र मूल यादीतून निसटतं. दोन्ही पावलांवर अंगठ्याने दाबून सूज बघायची आणि सोबतच्या मुलीने तिचं माप स्वतंत्र घ्यायचं. दोघींची मापं जुळेपर्यंत मॅडम पुढच्या घरी जाऊ देत नसत. शून्य ते पाच वर्षांच्या मुलांबद्दल या कोर्सने मला जे दिलं, त्यात काडीचीही कमतरता नाही.

कमतरता आहे ती दहाच्या पुढे. आपल्याकडे चाइल्ड हेल्थ (म्हणजेच पीडियाट्रिक) ही एक शाखा, कम्युनिटी ही दुसरी. किशोरवयाची स्वतंत्र शाखाच नाही. पीडियाट्रिकवाल्या मुलींचा सगळा भर बाळांवर आणि आजारी मुलांवर, कारण तेरा-चौदाची मुलगी बहुतेक ठिकाणी मोठ्यांच्या वॉर्डात दाखल होते. आमच्याकडे ती माता-बाल आरोग्य आणि शालेय आरोग्य यांच्यामध्ये हरवते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013चा, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014चा, दोन्ही पाठ करून घेतले. पण किशोरवयीनांना सल्ला देणाऱ्या सरकारी मैत्री क्लिनिकला कॉलेजने फक्त धावती भेट ठेवली होती. समुपदेशकाशेजारी बसून काम बघायला मिळायला हवं होतं, ते मिळालं नाही. लॅबमध्ये सरावासाठी नवजात बाळाचे मॅनिकिन (पुतळे) तीन प्रकारचे, आणि पंधरा वर्षांच्या मुलाशी बोलायचं कसं याचा सराव मात्र एकदाही नाही. माझे तारे मुख्यतः इथे कापले गेले.

ती कसर भरून काढली गाइड मॅडमनी. माझा प्रबंध आश्रमशाळेतल्या मुलींच्या रक्तक्षयावर होता. तिथे दर सोमवारी लोहाची निळी गोळी देतात, 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची. मुली ती जिभेखाली ठेवून बाहेर जाऊन थुंकायच्या. पोटात मळमळतं, शौचाला काळं होतं, आणि त्याबद्दल त्यांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. मॅडमनी गोळी उपाशीपोटी न देता जेवणानंतर द्यायला लावली आणि काळ्या रंगाचं कारण मुलींना सरळ सांगितलं. थुंकणं बरंच कमी झालं. हिमोग्लोबिनचे आकडेही तिथेच नीट समजले. बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलीला 12च्या खाली असेल तर रक्तक्षय, पाच ते अकरा वर्षांच्या मुलीला 11.5च्या खाली. म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या सहावीतल्या दोघींचं हिमोग्लोबिन 11.7 असलं, तर बारा वर्षांची रक्तक्षयात मोडते आणि अकराची मोडत नाही. जन्मतारीख विचारल्याशिवाय सुई टोचायची नाही, ही मॅडमची शिस्त.

मुलाखती घ्यायच्या होत्या तेव्हा अधीक्षिका खोलीच्या दारातच उभ्या राहिल्या. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण मुलगी खाली बघून प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणत होती. मॅडम त्यांना रजिस्टर बघायचं आहे म्हणून व्हरांड्यात घेऊन गेल्या आणि दार अर्धं उघडं ठेवलं. मुलगी बाहेरून दिसत राहिली, आवाज बाहेर गेला नाही. नंतर मॅडम स्वतः तिच्यासमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, ‘हे बघ बाळा, तू सांगशील ते माझ्याजवळ राहील. पण तुला कुणी त्रास देतंय, किंवा तू स्वतःला काही करून घेशील असं वाटलं, तर मला ते पुढे सांगावं लागेल. कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन.’ मग सुरुवात घरापासून. घरी कोण कोण आहे, सुट्टीत कुठे जातेस, शाळेत काय आवडतं, जेवण जातं का, मैत्रिणी कोण. मनातलं, शरीरातलं सगळ्यात शेवटी. पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, नर्सवरही. म्हणून गुपिताची हद्द आधीच सांगायची. मुलीने विश्वासाने सांगितल्यावर मग ‘हे मला कळवावंच लागेल’ म्हणणं म्हणजे तिला फसवणं. हा धडा अभ्यासक्रमात ठळकपणे हवा. माझ्या वाट्याला तो आला, कारण गाइड तशा होत्या.

संमतीपत्रांनी दमवलं. मुख्याध्यापकांची आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची परवानगी मिळाली की काम झालं असं सगळे समजतात. पण संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीला पालकांची संमती लागते आणि बारा वर्षांपुढच्या मुलीचा स्वतःचा लेखी होकारही. आणि पालक कुठे? दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याची कितीतरी कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. आम्ही मुकादमाला फोन करून संध्याकाळी मजूर परतायच्या वेळी बागेवर जायचो. अंगठा घ्यायचा तर साक्षीदार लागतो आणि आधी सगळं वाचून दाखवायचं. एका आईने विचारलं, ‘रक्त काढून माझ्या पोरीला तुम्ही काय देणार?’ रिपोर्ट आणि उपचाराची सोय लेखी लिहून दिल्यावरच तिने अंगठा दिला. तिचं बरोबर होतं. त्या दिवसापासून माझ्या संमतीपत्रात ते वाक्य सगळ्यात वर गेलं.

तक्रारी आणखीही आहेत. कॉलेजची फील्डची गाडी भरवशाची नव्हती. सावळघाटाच्या अलीकडे बंद पडली की दिवस गेला. लॉगबुक आणि फाइली हाताने लिहून घेण्याचा अट्टहास निव्वळ वेळखाऊ आहे. त्याच वेळात आणखी दोन पाडे झाले असते. लायब्ररीत नवजात बाळांवरची पुस्तकं ताजी, किशोरवयीनांवर जवळपास काहीच नाही. स्टॅटिस्टिक्ससाठी साऱ्या बॅचला एकच सर, त्यामुळे आकडेवारी तपासून मिळायला फार उशीर झाला. फीशिवाय प्रवास, किट, छपाई, बाइंडिंगचा खर्च वेगळा. तो आधीच बाजूला काढून ठेवा.

परदेशी जाण्यासाठी किंवा आयसीयूच्या पगारासाठी शिकायचं असेल तर हा विषय घेऊ नका, मन लागणार नाही. सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) म्हणून काम करणाऱ्या, शाळा-आश्रमशाळांशी रोज संबंध येणाऱ्या मुलींनी जरूर घ्यावा. प्रवेशाआधी कॉलेजात जाल तेव्हा ऑफिसात माहितीपत्रक मागत बसू नका, सेकंड इयरच्या मुलींना गाठा. त्यांचं लॉगबुक बघा आणि दहा ते एकोणीस वयाच्या मुलांसोबत किती तास नोंदले आहेत ते मोजा. गाइडकडे आधी किशोरवयावर कुठले प्रबंध झाले ते विचारा. एकही नसेल, तर दुसऱ्या कॉलेजचा फॉर्म त्याच दिवशी भरा.