जुनी सुमो, जड सेल्फ आणि डीसी क्लॅम्प मीटर : हिवाळा ते पावसाळा वापरून

डीसी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीला जबडा लावून करंट मोजणारं मीटर, डिसेंबरात घेतलं. निफाडकडे त्या दिवसांत पारा ५-६ अंशांवर येतो, द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि जुन्या डिझेल गाड्या सेल्फ मारताना कण्हतात. आमची सुमो पहिल्या पिढीतली. प्युजोच्या घराण्यातलं १९४८ सीसीचं इंजिन, टर्बो नाही, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) नाही, डिझेलचा पंप पूर्ण मेकॅनिकल. अशा गाडीला स्कॅनर लावून काही कळत नाही, म्हणून तीन हजारांच्या आसपासचं हे मीटर.

घेणार असाल तर एकच गोष्ट नीट बघा : डीसी अँपिअर मोजतं का. इलेक्ट्रिकच्या दुकानात समोर टांगलेले बरेच स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात. घराच्या वायरिंगला ते ठीक, पण बॅटरीचा करंट त्यांना दिसतच नाही. डीसीवाल्याच्या जबड्यात हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा) असतो, त्यामुळे करंट किती आणि कुठल्या दिशेला, दोन्ही कळतं. रेंज किमान ४०० अँपिअर हवी. आमच्यासारख्या इंजिनाचा सेल्फ दोनशे-अडीचशे सहज खेचतो.

आता मुद्द्याचं. सकाळी सेल्फ जड फिरायचा. सगळ्यांचं निदान एकच, बॅटरी गेली. बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे भरलेली. पण उभ्या गाडीतल्या आकड्यावर कुणी भुलू नये, लोड पडल्यावर काय होतं ते महत्त्वाचं. पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल तोडणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर काढली, म्हणजे इंजिन फिरेल पण चालू होणार नाही. मुलाला सेल्फ मारायला बसवलं. बॅटरीच्या पोस्टवर १०.६ व्होल्ट. सेल्फच्या जाड बोल्टपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत मोजले तर ८.१. मधले अडीच व्होल्ट वाटेत गायब. बॅटरीने काढलेलं सेल्फपर्यंत पोचतच नव्हतं.

मग एक प्रोब बॅटरीच्या प्लस पोस्टवर (टर्मिनलवर नाही, शिशाच्या पोस्टवर) आणि दुसरा सेल्फच्या बोल्टवर. सेल्फ मारताना ०.४. चालण्यासारखं, अर्ध्या व्होल्टपर्यंत मी दुर्लक्ष करतो. मायनस पोस्ट ते सेल्फची बॉडी : २.१. चोर सापडला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे इंजिन आणि चासीला जोडणारी अर्थिंगची पट्टी हाच करंटचा परतीचा रस्ता. कुणीतरी कधीतरी चासी रंगवताना पट्टी रंगावरच आवळली होती, आणि वेणीच्या तारा आतून हिरव्या पडल्या होत्या.

हीच पट्टी साध्या मल्टिमीटरच्या बीपवर तपासली असती तर पास झाली असती. तिथला रेझिस्टन्स जेमतेम एका ओहमचा शंभरावा हिस्सा. मीटरच्या वायरींचाच त्याहून जास्त असतो. पण त्यातून १९० अँपिअर गेले की दोन व्होल्ट खाल्ले जातात. म्हणून करंट वाहत असतानाच मोजायचं.

चासी घासून पांढरी केली, प्रेस केलेल्या लगची (टोकाच्या डोळ्याची) ५० चौरस मिमीची नवी केबल टाकली, वरून ग्रीस. मायनस बाजूचं नुकसान ०.१५ वर आलं आणि सेल्फचा करंट १९० वरून २६० वर गेला. हे उलटं वाटतं, पण क्लॅम्पची खरी किंमत इथेच वसूल होते. सेल्फ जड आणि करंट कमी, तर दोष केबल, लग, अर्थिंग किंवा सेल्फवरच्या सोलेनॉइडच्या कॉन्टॅक्टमध्ये. सेल्फ जड आणि करंट भरमसाट, तर बुश झिजून आर्मेचर (सेल्फचा आतला फिरणारा भाग) घासतंय किंवा इंजिनच जड आहे. पहिल्या प्रकारात सेल्फ खोलणाऱ्याला उगाच पैसे द्यायची गरज नाही.

सेल्फ जोरात फिरतो तरी गाडी उठत नाही, हा आजार वेगळा. तिथे हीटर प्लग (थंड इंजिन उठवायला सिलिंडर तापवणारे) किंवा डिझेल लाइनीत धरलेली एअर. प्लगच्या मुख्य वायरला क्लॅम्प लावला की चारही जिवंत असताना सुरुवातीला साधारण पन्नाशी दिसते, तापले की उतरते. एक मेला तर पावभाग कमी. ओहमने प्लग तपासण्यापेक्षा हे बरं, कारण त्याचा रेझिस्टन्स एक ओहमच्या आसपास, आणि एवढ्या छोट्या आकड्यात साधं मीटर गोंधळतं.

चार्जिंगची भानगड उन्हाळ्यात निघाली. हेडलाइट लावले की बॅटरीवर १२.४. डायनॅमोच्या (अल्टरनेटरच्या) मागच्या मोठ्या बोल्टवर मात्र १४.३. म्हणजे डायनॅमो ठणठणीत, आणि मधल्या वायरीला कुणीतरी पिळून टेप मारलेला जोड काळा पडलेला. जोड कापून नवी वायर टाकली, बॅटरीवर १४.१ आले.

इथे एका जुन्या खोडीबद्दल बोलायलाच हवं. गाडी चालू ठेवून बॅटरीची केबल काढायची, गाडी बंद पडली नाही तर डायनॅमो चांगला! मेकॅनिकल पंपाच्या डिझेलला चालायला जेमतेम स्टॉप सोलेनॉइडपुरती वीज लागते, त्यामुळे ती चालू राहिल्याने फारसं काही सिद्ध होत नाही. उलट लोड अचानक सुटला की व्होल्टेज उसळतं आणि कटआऊट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) किंवा डायनॅमोतली डायोड प्लेट जाते. मीटर हातात असताना हा खेळ कुणी करू देऊ नये.

पावसाळ्यात गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी बसायला लागली. सगळं बंद असताना डायनॅमोच्या वायरीला क्लॅम्प लावला तर ०.८ अँपिअर उलट दिशेने. डायोड गळत होता. एका दिवसात एकोणीस अँपिअर-अवर जातात, ८० च्या बॅटरीला हे झेपणार कसं? डायनॅमोच्या मागे बसणाऱ्या व्हॅक्यूम पंपाचं सील गळून ऑइल आत उतरलं होतं, त्यामुळे डायोड प्लेटबरोबर सील आणि कार्बनही बदलले.

तक्रारी आहेतच. प्रत्येक वेळी मोजण्याआधी झिरो बटण दाबावं लागतं, नाहीतर अर्धा अँपिअर हवेतच दिसतो. स्क्रीन इतकी सुस्त की सेल्फचा पहिला झटका निसटतो, मॅक्स होल्ड (सर्वांत मोठा आकडा धरून ठेवणं) लावला तरी पूर्ण पकडत नाही. सोबतचे प्रोब टाकाऊ, मी मगर-क्लिपा लावून लांब वायरी बनवल्या. आणि ५० मिलिअँपिअरसारखी बारीक गळती याने सापडत नाही. त्यासाठी साधं मल्टिमीटर बॅटरीच्या मायनस केबलमध्ये सिरीजमध्ये घालावं लागतं. ते लावलेलं असताना चुकूनही कुणाला सेल्फ मारू देऊ नका, १० अँपिअरचा फ्यूज उडतो आणि तालुक्याच्या गावात तो लवकर मिळत नाही.