वापरलेली कॅराव्हॅन, नऊ महिन्यांनंतर : वीज, गॅस आणि पाणी यांचा अनुभव

इंग्लंडमध्ये डर्बीजवळ राहणाऱ्या आमच्या कुटुंबाने यंदा मार्चमध्ये २०१२ सालची, चार जणांच्या झोपण्याची सोय असलेली, मोटारीमागे ओढून नेण्याची कॅराव्हॅन विकत घेतली. तेव्हापासून सात सहली झाल्या. ताबा देताना विक्रेत्याने सगळी यंत्रणा वीस मिनिटांत दाखवली आणि त्यातले निम्मे आम्ही घरी पोहोचेपर्यंत विसरलो. गादी, कपाटे, खिडक्या याबद्दल आम्ही समाधानी आहोत. त्यावर अधिक लिहीत नाही. पहिल्यांदाच कॅराव्हॅन घेणाऱ्याला अडवते ती आतली वीज, म्हणून हा अभिप्राय मुख्यतः तिच्याविषयी आहे.

भारनियमनाचे दिवस महाराष्ट्रात काढलेल्या माणसाला बॅटरी म्हटली की इन्व्हर्टर आठवतो : वीज गेली तरी भिंतीवरचे नेहमीचेच पॉइंट चालू राहतात. आम्हीही कॅराव्हॅनकडून तीच अपेक्षा ठेवली आणि तिथेच चुकलो. इन्व्हर्टर बॅटरीतल्या १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करतो; कॅराव्हॅनमधला चार्जर याच्या बरोबर उलट, बाहेरून आलेल्या २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करतो. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा आणि शौचालयाचे फ्लश नेहमीच १२ व्होल्टवर चालतात, तर भिंतीवरचे पॉइंट, मायक्रोवेव्ह आणि हीटरची विद्युत कॉइल मुक्कामस्थळाच्या खांबावरून वीज आणणारी केबल जोडल्याशिवाय चालतच नाहीत. म्हणजे एकाच छताखाली दोन वेगळ्या विजा नांदतात आणि त्यांना जोडणारा दुवा चार्जर हाच असतो. एवढे मनात पक्के झाल्यावर बहुतेक बिघाडांचे मूळ आम्हाला स्वतःच शोधता येऊ लागले.

ते पक्के झाले एप्रिलमध्ये, केझिकला. डरवेंटवॉटर सरोवराच्या काठापासून जवळच्या जागी आम्ही तीन रात्री राहिलो होतो. केबल जोडलेली होती, मायक्रोवेव्ह उत्तम चालत होता, आणि तरीही दुसऱ्या संध्याकाळी दिवे मंदावले, नळाची धार बारीक झाली आणि हीटरचा पंखा कुथल्यासारखा आवाज करू लागला. आम्ही दोनदा केबल काढून पुन्हा लावली, फ्यूज तपासले, पंप बिघडला असे ठरवून त्याची किंमतही पाहिली. शेवटी बॅटरीवर व्होल्ट मोजणारा मीटर लावला तेव्हा आकडा १२ व्होल्टच्या खाली निघाला. पलंगाखालच्या पेटीतील चार्जरला स्वतःचे वेगळे बटण आहे आणि ते बंद होते. २३० व्होल्टची बाजू बिनतक्रार चालू होती, पण १२ व्होल्टचा सगळा भार दोन दिवस एकटी बॅटरी ओढत होती. बटण सुरू करताच मीटरवर १३.८ व्होल्ट दिसले आणि दिवे उजळले. चार्जर चालू आहे की नाही, हे त्यानंतर आम्ही प्रत्येक मुक्कामी पहिल्या पाच मिनिटांतच मीटर लावून पाहतो. हा मीटर अगदी साधा आणि स्वस्त आहे. आमच्या मते नऊ महिन्यांतली सर्वांत उपयोगी खरेदी तीच.

बॅटरीचे आकडे मात्र नीट समजून घ्यावेत. आमची लेड-ॲसिड बॅटरी ११० अँपिअर-तासांची आहे, परंतु ती निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून वापरायला खरे तर ५५ अँपिअर-तासच मिळतात. चार्जिंग आणि भार दोन्ही थांबवून काही तासांनी मोजल्यास साधारण १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली आणि १२.२ व्होल्ट म्हणजे निम्मी. चार्जर चालू असताना दिसणारे १३.८ हे चार्जरचे असतात. त्यावरून बॅटरी भरली असे समजू नये.

बाहेरच्या विजेला मर्यादा असते, हे घरात कधी जाणवत नाही. ब्रिटनमधील बऱ्याच मुक्कामस्थळांवर १० किंवा १६ अँपिअर मिळतात. १० अँपिअर म्हणजे सुमारे २३०० वॉट. घरची किटली एकटीच ३००० वॉट घेते, त्यामुळे ती नेऊ नये. आमचा हीटर ५००, १००० आणि २००० वॉट अशा तीन पायऱ्यांवर चालतो आणि पाणी तापवणारी टाकी ८५० वॉट घेते. सकाळी हीटर १००० वर, टाकी चालू आणि त्यात ७५० वॉटची छोटी किटली लावली की बेरीज २६०० होते. मे महिन्यात अशाच एका सकाळी बाहेरच्या खांबावरचा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) पडला आणि तो पुन्हा चालू करून घ्यायला मुक्कामस्थळाच्या कार्यालयापर्यंत जावे लागले. आता चहाचे पाणी ठेवताना आम्ही टाकी बंद करतो.

केबल जोडण्याचा क्रम आम्ही कधीच बदलत नाही : आधी कॅराव्हॅनकडचे टोक, मग खांबाकडचे; निघताना याच्या उलट. २५ मीटरची केबल थोडीच लागत असली तरी ती पूर्ण उलगडून ठेवावी, कारण गुंडाळीत राहिलेली केबल मोठ्या भाराखाली तापते. जोडणी झाल्यावर आरसीडीचे चाचणी बटण दाबून तो खरोखर पडतो का हे पाहतो. भारतात ज्याला ईएलसीबी म्हणण्याची सवय आहे, त्याच कुळातले हे उपकरण आहे आणि ३० मिलिअँपिअरची गळती झाली की ते वीज तोडते. लहान मुले ओल्या गवतावरून आत-बाहेर करत असताना ही तपासणी टाळू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

फ्रीजने आम्हाला सर्वांत जास्त काळ चकवले. तो घरच्या फ्रीजसारखा कॉम्प्रेसरचा नसून उष्णतेवर चालणारा शोषण पद्धतीचा आहे. त्याला २३० व्होल्ट, गॅसची ज्योत किंवा प्रवासात मोटारीचे १२ व्होल्ट यांपैकी काहीही चालते, पण कॅराव्हॅन समतल उभी असावी लागते आणि थंड व्हायला कित्येक तास लागतात. आम्ही आदल्या रात्री घरीच तो केबलवर सुरू करून ठेवतो. तरीही पहिल्या तीन प्रवासांत पोहोचेपर्यंत दही कोमट होई. फ्रीज बिघडला असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात मोटारीला कॅराव्हॅनची वायर जोडण्यासाठीचे १३ पिनांचे सॉकेट बसवणाऱ्या कारागिराने १० क्रमांकाच्या पिनेला तारच जोडली नव्हती. इंजिन चालू असताना फ्रीजला वीज देणारी पिन तीच. दिवे आणि इंडिकेटर व्यवस्थित लागत असल्यामुळे कोणालाच शंका आली नाही. सॉकेट बसवून घेताना १० क्रमांकाची पिनही जोडली आहे का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे.

गॅसचे काम तुलनेने सरळ आहे. आम्ही फक्त लाल सिलिंडरातला प्रोपेन वापरतो, कारण निळ्या सिलिंडरातला ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास बाष्परूपात येणे थांबवतो आणि इथल्या ऑक्टोबरच्या रात्रीही त्याच्या जवळ जातात. छोट्या कुकरात वरणभात दोन बर्नरवर व्यवस्थित होतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र घेतल्या दिवशीच बसवावा आणि खालच्या वायुवीजनाच्या जाळ्या थंडी लागते म्हणून कधीही झाकू नयेत.

पाणी बाहेरच्या ४० लिटरच्या गडगडत नेता येणाऱ्या पिंपातून येते. नळ बंद असतानाही रात्री पंप मधूनच क्षणभर वाजू लागला, तर कुठे तरी सांधा गळतो आहे किंवा बॅटरी उतरली आहे, असे समजावे. आमच्याकडे दोन्ही प्रकार झाले. नोव्हेंबरअखेर आम्ही टाकी आणि नळ्या पूर्ण रिकाम्या केल्या, सर्व नळ मधल्या स्थितीत उघडे ठेवले आणि पंप काढून घरात आणला, कारण गोठलेल्या पाण्याने टाकी फुटली तर दुरुस्तीचा खर्च मोठा असतो.

सध्या कॅराव्हॅन अंगणात उभी आहे. चोरीची सूचना देणारा अलार्म थोडी थोडी वीज खात राहतो, म्हणून महिन्यातून एकदा चोवीस तास केबल लावतो. केझिकच्या त्या दोन दिवसांचा परिणाम बॅटरीवर झालेला दिसतो. रात्रभर विश्रांतीनंतर ती १२.४ व्होल्टच दाखवते. वसंतापूर्वी ती बदलावी लागेल. लिथियमची बॅटरी हलकी असते हे खरे, पण आमचा जुना चार्जर १३.८ व्होल्टच देतो आणि लिथियमला पूर्ण भरायला त्याहून जास्त लागतात. त्यामुळे चार्जर बदलेपर्यंत आम्ही पुन्हा लेड-ॲसिडचीच घेणार आहोत.