कोल्हापुरात छोटी इलेक्ट्रिक गाडी: तिन्ही ऋतूंच्या वापरानंतर

इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एका चार्जिंगला किती जाते?" उन्हाळा, पावसाळा आणि थंडी अशा तिन्ही ऋतूंत टाटा टियागो ईव्हीचं २४ युनिट (किलोवॅट-तास) बॅटरीचं मॉडेल शहरात वापरल्यावर हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरचा वाटायला लागलाय. पहिला प्रश्न असा की रात्री गाडी कुठं उभी राहणार आणि तिथं नीट अर्थिंग असलेला प्लग आहे का? शिरोली नाक्यापासून कळंब्यापर्यंत आणि ताराराणी चौकापासून रंकाळ्यापर्यंत शहर पालथं घातलं तरी साधारण घरगुती वापरात दिवसाला ४० किलोमीटर होत नाहीत. तेवढ्याला बाजारातली लहानात लहान बॅटरीही पुरते. प्लग नसेल तर मोठीही पुरत नाही.

पेठेत राहणाऱ्यांनी गाडी बघायला जाताना टेप घेऊन आपला बोळ आधी मोजावा. एमजी कॉमेट २९७४ मिलिमीटर लांब आणि १५०५ रुंद, म्हणजे शिवाजी पेठेतल्या ज्या बोळात रिक्षा वळते तिथं बहुतेक ही पण वळेल. पण तिची चाकं १२ इंची आहेत, मागचं सीट उघडं असेल तर डिकी नावालाच, आणि डीसी फास्ट चार्जिंगची (बाहेरच्या स्टेशनवरच्या जलद चार्जरची) सोय नाही. बॅटरी १७.३ युनिटची. टियागो ३७६९ मिलिमीटर लांब, १६७७ रुंद. डिकी २४० लिटरची, त्यामुळं लक्ष्मीपुरीतून महिन्याचा बाजार भरून आणता येतो. पंच ईव्ही त्याहून थोडी लांब-रुंद, पण जमिनीपासून १९० मिलिमीटर उंच; टियागो १६६. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. प्रत्येक तालमीसमोर आपापला स्पीडब्रेकर असलेल्या शहरात तो तसा राहत नाही. टियागोत मागं तिघं बसले असतील तर उंच ब्रेकर तिरका घ्यावा, कारण खाली सायलेन्सर नसला तरी बॅटरीची पेटी आहे. ज्यांचं घर उपनगरात आणि रस्ता खराब, त्यांनी सरळ पंच बघावी. ज्यांच्या घरी दुसरी मोठी गाडी आहे आणि ही फक्त ऑफिस-शाळा-मंडईसाठी हवी, त्यांना कॉमेट पुरेशी आहे. घरात एकच गाडी असेल तर टियागो मधली वाट म्हणून पटते.

आता वायरिंग. इथं घाई करू नका.

गाडीसोबत मिळणारी पोर्टेबल केबल साध्या १५-१६ अँपिअरच्या सॉकेटवर चालते आणि साधारण ३ किलोवॅट ओढते. गीझरही एवढाच लोड घेतो, पण पंधरा मिनिटांत बंद होतो. गाडी तोच लोड आठ-नऊ तास सलग घेते, आणि सॉकेट जळतात ते याच फरकामुळं. मेन बोर्डापासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र लाइन घ्या: ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, अंतर २० मीटरच्या वर असेल तर ६ ची, २० अँपिअरचा एमसीबी (लोड वाढला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि चांगल्या कंपनीचा औद्योगिक सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्ड नको म्हणजे नको. घरात इन्व्हर्टर असेल तर हा सॉकेट त्याच्या लाइनवर जोडलेला नाही ना, हे वायरमनसमोर मेन बंद करून तपासा. नाहीतर लाइट गेली की गाडीचा सगळा लोड इन्व्हर्टरवर येऊन तो ट्रिप होतो.

जोडणी झाल्यावर पहिल्या रात्री एक गोष्ट करा. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासानं प्लगटॉपला (केबलच्या टोकाच्या पिनवाल्या प्लगला) हाताची मागची बाजू लावा. कोमट लागला तर ठीक. पाच सेकंद हात ठेववत नसेल तर चार्जिंग बंद करा, एमसीबी पाडा आणि सॉकेट उघडून बघा. बहुतेक वेळा टर्मिनलचा स्क्रू सैल असतो किंवा वायरच्या काही तारा बाहेर राहिलेल्या असतात. पिनांवर तपकिरी डाग दिसला तर सॉकेट आणि प्लगटॉप दोन्ही बदला, एकच बदलून उपयोग नाही. दर दोन-तीन महिन्यांनी स्क्रू आवळून घ्यावेत, कारण रोज तापून-गार होऊन ते ढिले पडतात.

अर्थिंग हा जुन्या घरांचा खरा दुखणारा भाग. शहरातल्या जुन्या वाड्यांत मीठ-कोळशाचे खड्डे आहेत, तेही कधी भरले ते कुणाला आठवत नाही. घरातले पंखे-टीव्ही अर्थिंगशिवाय चालतात, त्यामुळं ते खराब आहे हे कळत नाही. गाडीची केबल मात्र आधी अर्थिंग तपासते आणि ते नसेल तर लाल दिवा दाखवून थांबते. मल्टिमीटर लावून बघा: फेज-न्यूट्रल २३० व्होल्ट असेल तर फेज-अर्थही जवळपास तेवढंच हवं. तिथं १५०-१८० दिसलं तर अर्थिंग गेलंय. न्यूट्रल आणि अर्थमध्ये लोडवर असताना २-३ व्होल्ट चालतात, ५ च्या वर गेलं की कारण शोधा. पावसाळ्यात निमूट चालणारं चार्जिंग एप्रिल-मे महिन्यात रुसतं, ते खड्डा कोरडा पडल्यामुळं. आठवड्याला बादलीभर पाणी ओतून काम भागतं, पण कायमचा उपाय नवीन केमिकल अर्थिंगचा.

इथं काही वायरमन एक शॉर्टकट मारतात: सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्यानं जोडून देतात. दिवा लगेच हिरवा होतो, गिऱ्हाईक खूश. पण मागं कुठं न्यूट्रल तुटला तर गाडीच्या सगळ्या पत्र्यात करंट उतरू शकतो. असं काम कुणी केलं तर पैसे देऊ नका आणि सॉकेट उघडून तो तुकडा समोर काढायला लावा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी: सोसायटीत कुरकुर होते ती कॉमन मीटरवरून. २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्कांच्या नियमांत केंद्रानं केलेल्या दुरुस्तीनुसार सोसायटीतल्या सभासदाला ईव्ही चार्जिंगसाठी स्वतंत्र कनेक्शन मागता येतं. अर्ज करताना मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत केबल कुठून जाणार याचा साधा नकाशा जोडा. अध्यक्षांचा निम्मा विरोध तिथंच मावळतो.

७.२ किलोवॅटचा जलद होम चार्जर घ्यावा का? शहरासाठी गरज नाही. ४० किलोमीटरला साधारण ५ युनिट लागतात, ती साध्या प्लगवर दोन तासांत भरतात. जलद चार्जर ३२ अँपिअर घेतो. त्यासाठी मंजूर भार वाढवणं, जाड केबल, हे सगळं आलं. तो खर्च अर्थिंगवर करा.

रेंजचं आता. शहरात एसी बेताचा ठेवून युनिटमागं ८ किलोमीटर धरायला हरकत नाही, म्हणजे फुल चार्जला १८० ते १९०. कंपनीच्या चाचणीचे आकडे यापेक्षा बरेच मोठे असतात, ते इंग्रजी शाळेच्या जाहिरातीइतकेच खरे मानावेत. एसी छोट्या गाडीत साधारण एक किलोवॅट खातो. गाडी धावो किंवा दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबो, त्याचं खाणं चालूच. म्हणून ट्रॅफिक जितकं सावकाश तितका एसीचा फटका किलोमीटरमागं जास्त. मे महिन्यात दुपारी युनिटमागचा आकडा ६ किलोमीटरच्या आसपास येतो. महामार्गावर उलटं: तिथं एसी गौण, वेग महाग. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळं ८० ऐवजी १०० नं गेलं तर तो दीडपट होतो. सांगलीला जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर निवांत होतात. बेळगावला एका दमात पोचता येतं, परतताना चार्जिंग लागतं. पुण्याला हिनं नेहमी जायचं असेल तर ही गाडी घेऊ नका. डीसी चार्जरवर १० ते ८० टक्क्यांना तासभर लागतो. चार्जर ६० किलोवॅटचा असला तरी फरक पडत नाही, गाडीच तेवढं घेत नाही.

पन्हाळ्याचा घाट लोकांना उगाच भीती घालतो. गड आसपासच्या सपाटीपेक्षा साधारण ४०० मीटर उंच. चौघांसह गाडी १४०० किलो धरली तर ती उंची चढायला दीड युनिट लागतं, मोटरची घट धरून पावणेदोन. म्हणजे नेहमीच्या खर्चावर बॅटरीचे सात-आठ टक्के जास्त, आणि उतरताना त्यातला बराच भाग परत मिळतो. फक्त एक ध्यानात ठेवा: रात्री वर मुक्काम करून गाडी १०० टक्के चार्ज केली आणि सकाळी उतरायला लागलात, तर रीजन (वेग कमी होताना मोटरनं वीज बनवून बॅटरीत परत भरणं) चालत नाही, कारण भरलेल्या बॅटरीत वीज घालायला जागा नसते. रोजची सवय झालेली ती ओढ अचानक गायब होते आणि पाय ब्रेकवर राहतो. वर असताना ९० टक्क्यांवर थांबवा.

शहरात रीजनची पातळी दोनवर ठेवली की ब्रेक फार कमी लागतो. पॅड टिकतात, पण पावसाळ्यात दुसरी बाजू दिसते: न वापरलेल्या डिस्कवर गंज धरतो आणि सकाळी पहिल्या ब्रेकला खर्रकन आवाज येतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागं कोणी नाही बघून, रीजन शून्यावर टाकून चार-पाच वेळा ब्रेक जोरात दाबा. डिस्क घासून निघते. महाद्वार रोडवर दुसरीच अडचण: गाडीला आवाज नसल्यानं माणूस बाजूला होत नाही. हॉर्न दिला की दचकतो आणि मग आपल्यालाच चार शब्द ऐकवतो. तिथं चालण्याच्या वेगानं जाणं हाच उपाय, नवरात्रात तर गाडी न्यायचीच नाही.

टियागो ईव्हीत स्टेपनी नाही, पंक्चर किट आहे. किटमधलं द्रावण खिळ्याच्या भोकाला चालतं, टायरची बाजू फाटली तर नाही. त्यामुळं हवा दर पंधरवड्याला बघा. पहिल्या झटक्यालाच पूर्ण जोर मिळत असल्यानं पुढचे टायर लवकर घासतात, ५-६ हजार किलोमीटरला पुढचे मागं करा.

पंचगंगेचं पाणी हा कोल्हापूरचा स्वतंत्र धडा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी कुंभार गल्ली, रमणमळा या बाजूला राहणाऱ्यांनी ३९ फुटांची बातमी आली की गाडी पूर्ण चार्ज करून राजारामपुरी किंवा टेंबलाईच्या बाजूला उंचावर नेऊन लावावी. ४३ ची वाट बघू नये, कारण पाणी चढलं की त्या भागाची वीज आधी बंद करतात आणि चार्जिंगची संधी जाते. बॅटरीला आयपी ६७ रेटिंग आहे. त्याची चाचणी स्थिर पाण्यात, एक मीटर खोलीपर्यंत, अर्धा तास अशी असते. ती जयंती नाल्याच्या पुरातून गाडी घालायची परवानगी नव्हे. आत गालिचा भिजण्याइतकं पाणी आलं असेल तर स्टार्ट करून बघू नका, चार्जिंगला लावू नका. चाकं जमिनीला न टेकवता, सपाट ट्रकवर उचलून न्यायला सांगा. पुढची चाकं फिरली की मोटर वीज तयार करते. विमा घेताना बॅटरी-मोटरचं वेगळं ॲड-ऑन घ्या, साध्या पॉलिसीत पाण्याचं नुकसान वादात अडकतं.

रस्त्यात बंद पडण्याचं नेहमीचं कारण मोठी बॅटरी नसून १२ व्होल्टची छोटी असते. हे कुठल्याही ईव्हीत होतं. मोठी ८० टक्के भरलेली असते आणि गाडी ढिम्म, कारण मोठीचे रिले (तिला गाडीशी जोडणारे स्विच) ओढायला छोटी लागते. गाडी नुसती उभी असताना छोटी सहसा चार्ज होत नाही, गाडी 'रेडी' (म्हणजे स्टार्ट करून चालायला तयार) असताना किंवा प्लगला असताना होते. डॅशकॅम थेट १२ व्होल्टवर जोडू नका आणि दोन आठवडे गावाला जाताय तर कुणाला तरी अधूनमधून गाडी अर्धा तास 'रेडी'त ठेवायला सांगा. मोठ्या बॅटरीत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल आहेत. त्यांचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळं टक्क्यांचा अंदाज हळूहळू चुकतो आणि एक दिवस १५ चे एकदम ८ होतात. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा घरच्या संथ प्लगवर पूर्ण १०० होऊ द्या, हिशेब जाग्यावर येतो. पार्किंगशेजारी गोठा, कडब्याची गंजी किंवा उसाचं रान असेल तर उंदरांचा बंदोबस्त करा. मोठ्या बॅटरीची नारिंगी केबल कुरतडली की गाडी सुरक्षेसाठी स्वतःच बंद होते आणि ती केबल स्वस्त नसते.

पैशाचं गणित असं. महिन्याला १००० किलोमीटरला बॅटरीतून १२५ युनिट जातात, चार्जिंगची घट धरून मीटरवर १४०. घरचा वापर १८० असेल तर एकूण ३२०. महाग स्लॅब ३०० च्या पुढच्या २० युनिटांनाच लागतो, सगळ्यांना नाही. बरेच जण इथं घाबरतात. सरासरी १२ रुपये युनिट धरलं तर साधारण १,७०० रुपये. लिटरला १६ देणाऱ्या पेट्रोल गाडीला ६२ लिटर लागलं असतं, म्हणजे साडेसहा हजारांच्या घरात. महिन्याला ४,८०० वाचतात. बाहेर डीसीवर भरलं तर दर घरच्या जवळपास दुप्पट, बचत तिथंच आटते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, ईव्हीचा ५ टक्केच राहिला, त्यामुळं किमतीतलं अंतर पुन्हा तपासून घ्या. ते दोन लाख असेल तर हजार किलोमीटरवाल्याचे साडेतीन वर्षांत फिटतात. महिन्याला ४०० किलोमीटरच फिरणाऱ्याला पावणेनऊ वर्षं लागतात, आणि बॅटरीची वॉरंटी ८ वर्षांची आहे.