एकच गेम घ्यायचा असेल तर: बाल्डर्स गेट ३, विचर ३ की एल्डन रिंग?

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारकडचा एखादा विद्यार्थी वर्षाकाठी एकच मोठा गेम विकत घेऊ शकत असेल, तर कल्पनारम्य रोल-प्लेइंग, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळण्याच्या, प्रकारात त्याच्यासमोर हमखास तीन नावे येतात: पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा ‘द विचर ३’ (२०१५), जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा ‘एल्डन रिंग’ (२०२२) आणि बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३). तिघांनाही आपापल्या वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’चा सर्वोत्तम गेमचा किताब मिळालेला असल्यामुळे, ‘चांगला कोणता’ असे विचारून फारसे काही हाती लागत नाही. त्यापेक्षा खेळताना चूक झाली तर ती मागे घेता येते का आणि त्यासाठी काय मोजावे लागते, या एकाच कसोटीवर तिन्ही तपासावेत असे मला वाटते. पात्राची घडण, लढत आणि नैतिक निर्णय या तिन्ही ठिकाणी नवखा खेळाडू चुकणारच. यांतली कोणती चूक पोटात घालायची आणि कोणत्या चुकीची वसुली करायची, हे प्रत्येक गेमने वेगवेगळे ठरवले आहे. पुढे काही कथाप्रसंग उघड करावे लागणार आहेत, याची कल्पना आधीच देऊन ठेवतो.

पात्राच्या घडणीत, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत ‘बिल्ड’मध्ये, सर्वांत उदार बाल्डर्स गेट ३ आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर फासे टाकून खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर उभ्या असलेल्या या गेममध्ये बारा क्लास, म्हणजे योद्धा, जादूगार यांसारखे पात्राचे पेशे, आहेत, एकाच पात्रात दोन-तीन क्लास मिसळता येतात आणि लेव्हलची मर्यादाही बाराच आहे. हा पसारा पाहून पहिल्या संध्याकाळी धडकी भरते. पण छावणीत येऊन राहणारा विदर्स नावाचा सांगाडा अवघ्या १०० सुवर्णनाण्यांत पात्राचा क्लास आणि गुणांक पुन्हा पहिल्यापासून मांडू देतो, आणि हे कितीही वेळा करता येते. शिवाय पार्टीत, म्हणजे तुमच्या चमूत, चार जण असल्यामुळे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. विचर ३ मध्ये पात्रच ठरलेले आहे. तुम्ही गेराल्ट आहात, पैसे घेऊन राक्षस मारणे हा तुमचा पेशा आहे, आणि तलवार, ‘साइन’ म्हणवल्या जाणाऱ्या पाच जादू व किमया यांपैकी कशावर भर द्यायचा एवढाच निर्णय तुमच्या हाती उरतो. तोही विशेष औषध पिऊन बदलता येतो. ज्यांना स्वतःचे पात्र नाकाडोळ्यांपासून घडवण्याची हौस आहे, त्यांची येथे निराशा होईल.

एल्डन रिंगचा स्वभाव याच्या उलट आहे. आरंभीचे दहा क्लास म्हणजे केवळ निघण्याची ठिकाणे. पुढे आठ गुणांपैकी कशात भर घालायची हे प्रत्येक लेव्हलला तुम्ही ठरवायचे, आणि कोणते शस्त्र कोणत्या गुणाने अधिक जोर धरते हे शस्त्रापुढच्या ‘ई’ ते ‘एस’ या अक्षरांवरून ओळखायचे. नवखे खेळाडू बहुधा सगळे गुण थोडेथोडे वाढवतात आणि व्हिगर, म्हणजे जीवनशक्ती, कमी ठेवून जोरदार तलवारीमागे लागतात. मग निम्मा गेम झाल्यावर प्रत्येक बॉस, म्हणजे वाट अडवणारा मोठा शत्रू, तुम्हाला दोन फटक्यांत आडवा करू लागतो. बिल्ड नव्याने मांडण्याची सोय आहे, पण त्यासाठी आधी रेनाला या बॉसला हरवावे लागते आणि दर खेपेला ‘लार्व्हल टिअर’ ही वस्तू खर्चावी लागते, जी संपूर्ण गेममध्ये मोजकीच मिळते.

लढतींच्या बाबतीत तुलना करताना आपल्याकडचा उन्हाळा विसरून चालणार नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, खोलीतला कूलर खोलीला पुरतो पण लॅपटॉपला पुरत नाही, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. एल्डन रिंगमध्ये सगळा खेळच क्षणाच्या अचूकतेवर आहे. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवरचा मार्गिट हा बॉस काठी उगारून मुद्दाम थबकतो, म्हणजे घाबरून आधीच डॉज करणारा, म्हणजे घाव चुकवायला उडी घेणारा, खेळाडू बरोबर तिच्याखाली सापडावा. पुढे, टाळता येण्याजोग्या पण कुणीच न टाळणाऱ्या मलेनियाच्या लढतीत तिचा लागलेला प्रत्येक घाव तिचीच जखम भरून काढतो. अशा वेळी फ्रेम, म्हणजे पडद्यावरची हलती चित्रे, अडखळल्या तर हार कोणाची, तुमची की मशीनची, हेही कळत नाही. या गेममध्ये काठिण्य कमी करण्याचे बटण नाही. मात्र मदतीला ‘स्पिरिट ॲश’, म्हणजे बाजूने लढणारे आत्मे, बोलावता येतात, आणि न जमणारा बॉस सोडून घोड्यावरून दुसऱ्या दिशेला जाऊन, लेव्हल वाढवून परत येता येते. मेल्यावर गाठीच्या रून्स, म्हणजे लेव्हल वाढवायला लागणारे चलन, तिथेच पडतात आणि त्या उचलण्याआधी पुन्हा मेलात तर कायमच्या जातात. ही वसुली मला कठोर पण सरळ वाटते.

बाल्डर्स गेट ३ ची लढत पाळीपाळीने चालते, त्यामुळे मशीन थोडे रेंगाळले तरी बिघडत नाही, आणि लढत अर्ध्यावर थांबवून जेवून येता येते. कठीण लढत येथे हाताच्या चपळाईने नव्हे, तर आखणीने जिंकली जाते: उंचावरून नेम धरला तर अधिक अचूक बसतो, पाण्यात उभ्या शत्रूवर वीज सोडली तर दुप्पट हानी होते, आणि कड्यावर उभ्या म्होरक्याला नुसता धक्का दिला तरी काम भागते. वीस बाजूंच्या फाशावर नशीबही असतेच. आखाजीला पत्त्यांचे डाव मांडणाऱ्या मुलखाला हे वेगळे समजावून सांगायला नको. विचर ३ ची लढत या दोहोंच्या मधली आहे. ती धावपळीची असली तरी अर्धी लढाई आधीच्या तयारीत असते, म्हणजे राक्षसाची नोंद वाचून योग्य तेल तलवारीला लावणे, औषध तयार ठेवणे, भुताटकी असेल तर यर्डन साइनच्या वर्तुळात तिला ओढणे. सोप्या पातळीवर ही तयारी न करताही निभावते आणि मग लढती कंटाळवाण्या होतात, म्हणून निदान तिसऱ्या पातळीवर खेळावे.

खरा फरक मात्र नैतिक निर्णयांत आहे. बाल्डर्स गेट ३ मध्ये पहिल्याच अंकात ड्रुइडांच्या, म्हणजे निसर्गपूजक जादूगारांच्या, उपवनात आश्रय घेतलेल्या निर्वासितांना वाचवायचे, की गॉब्लिनांच्या बाजूने त्यांच्यावर चालून जायचे, हा प्रश्न येतो. दुसरी वाट धरली तर विल आणि कार्लाक हे सोबती तुम्हाला सोडून जातात. अर्थात दुष्टपणाचा परिणाम ताबडतोब आणि डोळ्यांदेखत दिसतो. बिल्ड आणि नीती यांची गाठही याच गेमने सर्वांत चांगली मारली आहे: पॅलाडिन, म्हणजे शपथबद्ध धर्मयोद्धा, होऊन शपथेविरुद्ध वागलात तर शपथ मोडते आणि तुमच्या शक्तीच बदलतात. पण निर्णय न आवडल्यास जुनी सेव्ह, म्हणजे खेळाचा आधी साठवलेला टप्पा, उघडून मागे जाता येते, आणि बहुतेक जण ते करतातच. त्यावर उतारा म्हणून ‘ऑनर मोड’ आहे, ज्यात सेव्ह एकच असते आणि संपूर्ण पार्टी मेली की त्या मोडमधली वाटचाल तिथेच थांबते.

विचर ३ ने हा पळवाटेचा प्रश्न अधिक हुशारीने सोडवला आहे: परिणाम इतक्या उशिरा येतो की जुनी सेव्ह उघडण्यात अर्थच उरत नाही. वेलेनच्या दलदलीत एका टेकडीखाली अडकलेला आत्मा सुटकेची याचना करतो. त्याला मोकळे केले तर अनाथ मुले वाचतात, पण एका गावावर संकट कोसळते आणि ब्लडी बॅरन या तिथल्या सरदाराच्या कुटुंबाचा शेवट भीषण होतो. त्याला मारले तर बॅरनला निदान बायकोला घेऊन उपचारांच्या शोधात निघता येते, पण मुले जातात. कोणती वाट ‘चांगली’ हे गेम सांगत नाही, आणि निर्णय घेताना तुम्हाला यातले काहीच ठाऊक नसते. याहून सूक्ष्म गोष्ट गेराल्टने मुलीसारखी वाढवलेल्या सिरीच्या बाबतीत घडते. खचलेल्या सिरीला समजूत घालून दारूचा पेला पुढे करायचा, की तिच्याबरोबर बर्फाचे गोळे फेकत खेळायचे, अशा वरवर क्षुल्लक प्रसंगांवर गेमचा शेवट ठरतो. पोरीला सतत सांभाळत राहणे आणि तिच्यावर भरवसा ठेवणे यांतला फरक जाणवेल अशा वयात हा गेम खेळला, तर तो अधिक भिडतो.

एल्डन रिंगमध्ये निर्णय आहेत हेच अनेकांना गेम संपेपर्यंत समजत नाही. सेलुविस नावाचा जादूगार एक द्रव्य देऊन ते नेफेली या योद्धा स्त्रीला पाजायला सांगतो. ते तिलाच द्यायचे, की आधी तिच्या मानलेल्या बापाला, गिडियनला, दाखवायचे, की आणखी कुणाला, याबद्दल गेम अवाक्षर काढत नाही. तिला पाजलेत तर ती बाहुली होऊन बसते. बॉक हा कुरूप शिंपी स्वतःला देखणे करून घेण्यासाठी लार्व्हल टिअरचा ध्यास धरतो, म्हणजे ज्या वस्तूवर तुम्ही आपला बिल्ड सुधारणार होतात तीच. ती त्याला दिलीत तर त्याचे रूप पालटते, पण तो जगत नाही. त्याला हवे असलेले शब्द दुसऱ्या मार्गाने ऐकवता येतात, फक्त तो मार्ग स्वतः शोधावा लागतो. आणि गेम सतत आपोआप सेव्ह होत असल्यामुळे येथे मागे फिरणे नाही.

मशीनचे गणित थोडक्यात सांगतो. बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी जागा आणि एसएसडी लागते, एल्डन रिंगला ६० जीबी जागा आणि किमान १२ जीबी रॅम लागते, तर विचर ३ जुन्या ग्राफिक्स कार्डावरही डायरेक्टएक्स ११ ही ग्राफिक्सची जुनी पद्धत निवडून बरा चालतो आणि सेलमध्ये तिघांत स्वस्त मिळतो. तिन्हींत मराठी किंवा हिंदी उपशीर्षके नाहीत; बाल्डर्स गेट ३ मध्ये इंग्रजी वाचन सर्वाधिक आहे आणि ते टाळून खेळण्यात हशील नाही. वीज वारंवार जात असेल आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल, तर सेव्ह एकच असलेल्या ऑनर मोडच्या वाटेला जाऊ नये. एवढीही मशीन नसेल, तर बायोवेअरचा ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ (२००९) अजूनही उत्तम आहे, भूतबाधा झालेल्या लहान कॉनरचे काय करायचे, हा त्यातला पेच वरच्या कोणत्याही प्रसंगाच्या तोडीचा आहे.

माझा कौल असा आहे: इंग्रजी वाचण्याची तयारी आणि बरी मशीन असेल तर बाल्डर्स गेट ३ घ्यावा, कारण तो प्रयोग करू देतो आणि घाई करत नाही. मशीन जुनी असेल किंवा कथाच हवी असेल तर विचर ३ घ्यावा. एल्डन रिंग त्याने घ्यावा ज्याच्याकडे कंट्रोलर आहे आणि ज्याला एकाच बॉसपुढे आठवडा घालवण्यात गंमत वाटते. तोही शक्यतो दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून खरेदी केल्यास १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेले असताना पैसे परत मागता येतात. मात्र बाल्डर्स गेट ३ मध्ये पात्राचे केस आणि शिंगे निवडण्यात गेलेला वेळही त्या दोन तासांत धरला जातो, म्हणून चाचणीपुरते तयार पात्र घेऊन थेट पहिल्या लढतीपर्यंत जावे.